किरण विसावत नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

करर्र… करर्र…

पहाटे जाग आली ती या आवाजाने. आधी वाटलं, गच्चीवर कुणी खाट ओढतंय. डोळे मिटून पडून राहिलो आणि ओळख पटली. हा आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या शाळेच्या बाकाचा आवाज. बाकावर उभं केलेलं मूल या पायावरचा भार त्या पायावर टाकतं, तेव्हा फळी अशी कुरकुरते. ते बाक केव्हाच जळणाच्या भावाने गेले. मला शाळेचे सगळेच आवाज प्रिय आहेत. कवितेच्या तालावर डस्टर आपटल्याचा, चाळीस गळ्यांचा, मधल्या सुट्टीतल्या नळाचा. पण आज नेमका हाच का आला, कोण जाणे.

ही वही तन्वीने दिली. माझी नात, अकरावीत आहे. म्हणाली, "आजोबा, फोनवर कविता टाइप करत बसता, त्यापेक्षा डायरी लिहा ना. आँखें खराब होतील तुमची."

तीस तारखेला माझं सहस्रचंद्रदर्शन. एक्क्याऐंशी वर्षं, हजार पौर्णिमा. केदार आणि विनिता, मुलगा आणि सून, महिनाभरापासून तयारीत आहेत. इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी मुकुंदराव संध्याकाळी येऊन गेले. त्यांनी परस्परच ठरवलंय की एक्क्याऐंशी दिव्यांनी औक्षण होईल तेव्हा मंडळाची मुलं माझी 'विसावा' म्हणतील. शाळेत वीस वर्षं प्रार्थनेनंतर म्हटली जायची ती.

दूर नभातुन चालत चालत
किरण दमुन आला,
ओसरीवरी टेकुन पाठ
क्षणभर विसावला.

मुकुंदराव चालीत म्हणत होते, मी बोटांनी ताल धरला होता. तन्वी बिस्किट खात म्हणाली, "आजोबा, पण हे गलत आहे. किरण विसावत नाही. विसावला तर तो किरणच राहत नाही."

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. मुकुंदराव हसले. मीही हसलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तन्वीला विचारलं, "का गं नाही विसावत?"

"मतलब?"

"म्हणजे दमत का नाही? सूर्यापासून इथवर यायचं म्हणजे काय थोडं अंतर आहे?"

ती माझ्या पलंगावर मांडी घालून बसली. म्हणाली, "आजोबा, चेंडू थांबला तरी चेंडू राहतो ना? त्याचं स्वतःचं वजन आहे. प्रकाशाच्या कणाला तसं काहीच नाही. त्याला कुणी ढकलत नाही, मागून जोर लावत नाही. तो जन्मालाच त्या वेगात येतो. आधी उभा होता आणि मग पळाला, असं नाहीच. चालणं सोडलं तर त्याच्याकडे दुसरं काही उरतच नाही."

"आणि भिंतीवर आदळला तर?"

"परतला तर चालत राहतो. भिंतीने ओढून घेतला तर संपतो. भिंत थोडी गरम होते, बस." तिने माझा हात धरून खिडकीतल्या उन्हात ठेवला. "गरम लागलं? इथे आत्ता कितीतरी किरण संपले. विसावले नाहीत, आजोबा. संपले."

मी बराच वेळ हात तिथेच ठेवला. इतकं सोपं कुणी शिकवलं म्हणून विचारलं. तिच्या क्लासच्या मॅम. हरिशंकरपुरममध्येच, आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे शिकवतात. त्यांची एक तऱ्हा आहे म्हणे. कुणी प्रश्न विचारला की त्या आपल्या खुर्चीतून उठतात, प्रश्न विचारणाऱ्याला खुर्चीत बसवतात आणि स्वतः उभ्या राहून उत्तर देतात. "म्हणतात, प्रश्न विचारणाऱ्याने कधी उभं राहायचं नाही. अजीब आहेत, पण बेस्ट आहेत."

नाव विचारलं तर म्हणाली, सीमंतिनी मॅम. वा! काय भारदस्त नाव. कुणा रसिकानेच ठेवलेलं असणार.

९ नोव्हेंबर, रविवार

मुकुंदरावांना जुन्या विद्यार्थ्यांची यादी हवी आहे, मंडळाच्या व्हॉट्सॲपवर निमंत्रणं धाडायला. आठवून आठवून त्रेसष्ट नावं काढली. हात कसा सरसर चालला! चौऱ्याऐंशी सालच्या नववी 'ब'ची तर हजेरीच तोंडपाठ निघाली. फक्त एक नाव गाळलं. शामला जगदाळे.

ती कुठे असते ते ठाऊक नाही म्हणून गाळलं.

बाकीच्यांपैकी निम्म्यांचे पत्ते तरी मला कुठे ठाऊक आहेत?

१२ नोव्हेंबर, बुधवार

शामलाबद्दल लिहून टाकतो म्हणजे मन मोकळं होईल. चौऱ्याऐंशीत शाळेच्या तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब आले होते. माझ्या वर्गाने 'विसावा' म्हटली. साहेबांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" शामलाने हात वर केला. "सर, किरण विसावला तर ओसरीवर अंधार होईल ना?" वर्ग हसला. साहेब हसले. म्हणाले, "मुलगी बरोबर बोलतेय, मास्तर. कविता बदला."

ते गेल्यावर मी तिला रागावलो.

झालं, एवढंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एवढंच नाही. मी तिला बाकावर उभं केलं. म्हणालो, "फार कळतं ना तुला किरणांचं? आता तू किरण. विसावून दाखव. जराही हलायचं नाही." तास संपला, मधली सुट्टी झाली, पुढचाही तास माझाच होता. चौदा वर्षांची मुलगी. ती रडली नाही. फक्त फळी कुरकुरत राहिली आणि दर कुरकुरीला मुलं फिदीफिदी हसत राहिली. मी त्यांना हसू दिलं. मी पुढची कविता शिकवत होतो. शिकवणं छान रंगलं होतं, तेही आठवतं.

संध्याकाळी केदारला सांगून पाहिलं. मोबाइलमधून डोकं न काढता तो म्हणाला, "बाबा, तुम्ही पण ना. त्या जमान्यात सगळेच करायचे. आमच्या गणिताच्या सरांनी तर कान फाडला होता माझा. इतनी सी बात." मुकुंदरावांनी तर टाळीच मागितली. "अहो, म्हणून तर ती पिढी घडली!"

मला कुणी लाजूही देत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तन्वीच्या स्कूटीवर मागे बसून दाणा ओळीत गेलो. जगदाळे तिथे राहायचे, शिंद्यांच्या फौजेतलं जुनं घराणं. त्यांच्या घराच्या जागी आता बॅगांचं गोदाम आहे. समोरच्या ओट्यावर त्यांच्या जुन्या शेजारीण शांताताई गहू निवडत होत्या. नव्वदीच्या असतील, पण मला आवाजावरून ओळखलं.

"कोण, भालचंद्र मास्तर? या या. जगदाळे? वो तो कब के गेले! म्हातारा वारला, पोरांनी घर विकलं."

"आणि मुलगी? शामला?"

"लग्न होऊन गेली की. असेल इथेच कुठे, ग्वाल्हेरातच दिलेली. पण नाव बदललं ना सासरी, आता मला काय माहीत काय ठेवलं. डोक्याने तेज होती हो पोरगी! भोपाळला सायन्सच्या बोर्डिंगात नंबर लागत होता. तो रह गया."

"का?"

"शाळेच्या दाखल्यात काहीतरी लिहून दिलं होतं कुणीतरी. वागणूक ठीक नाही असं. कोण मेला होता कोण जाणे, त्याच्या हाताला…" त्यांनी गव्हातला खडा फेकला. "मग बापाने तीन-चार वर्षांत उरकून टाकलं."

मी पाणी मागितलं. शांताताईंनी पाण्याबरोबर गूळही दिला. तोही खाल्ला.

तन्वी वाटेत म्हणाली, "आजोबा, तबियत ठीक आहे ना?"

तो दाखला मी लिहिला होता. वर्गशिक्षक मीच होतो. 'हुशार आहे, परंतु वडीलधाऱ्यांचा मान राखत नाही.' अक्षर सुरेख आलं होतं. स्वल्पविराम देताना वाक्याला कसा तोल आला म्हणून समाधान वाटलं होतं. खरं म्हणजे तो प्रश्न सोडला तर तिने कधी कुणाचा अवमान केला नव्हता.

१९ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मुकुंदराव ओढून टोपी बाजारात घेऊन गेले, पगडीसाठी. दुकानदार डोक्याचं माप घेताना म्हणाला, "बाऊजी, सर झुकाइए मत, सीधा रखिए." चार वेळा म्हणाला. शेवटी मुकुंदरावांनीच हनुवटीला हात लावून माझं डोकं वर केलं.

घरी आलो तर तन्वी गोंधळलेली. क्लासच्या मॅमना तिने समारंभाचं कार्ड दिलं. "मॅमनी दोनदा वाचलं. तुमचं नाव मोठ्याने वाचलं, पूरा, आडनावासकट. विचारलं, हे तुझे आजोबा? कविता शिकवायचे ते? मी हो बोलले. मग म्हणाल्या, रविवारी क्लास आहे, यायला जमणार नाही. आजोबा, संडेला क्लास नसतोच!"

मोठी माणसं कामात असतात, त्यांचा आग्रह धरू नये, असं मी तिला समजावलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तन्वीमार्फत मॅमना एक प्रश्न पाठवला होता. प्रकाशाला कुणी, कधी, कशानेही थांबवलं आहे का? मनात एक वेडी आशा होती. नुसता 'हो' जरी मिळाला, तरी माझ्या कवितेला जरा आधार झाला असता. ही आशाही लाजिरवाणीच.

उत्तर आलं. अतिशय थंड केलेल्या वायूत किरण थांबवल्याच्या बातम्या येतात. पण तिथेही कण उभा राहत नाही. त्याची खूण तेवढी अणूंमध्ये उमटून राहते. पुढे योग्य इशारा मिळाला की तसाच किरण पुन्हा बाहेर पडतो, होता त्याच वाटेने.

"मॅम म्हणाल्या, पाठांतरासारखं आहे हे. आजोबांना सांग, त्यांना कळेल."

उपमा उत्तम आहे. बाईंना कवितेची जाण असणार.

२६ नोव्हेंबर, बुधवार

विनिता समारंभासाठी जुने फोटो शोधत होती. कपाटाच्या तळाला माझी नावांची वही सापडली. तिने हसत आणून दिली, "बाबा, हे तुमचं नामकरण खातं."

आपल्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. एके काळी लष्करातली निम्मी मराठी घरं नाव सुचवायला माझ्याकडे यायची. मास्तरांना कविता येतात, मास्तर छान नाव काढतील. मुलगी कोण, कशी, हे मी कधी विचारलं नाही. नावात किती अक्षरं आहेत, उच्चारताना कसं वाजतं, एवढंच पाहायचो. डावीकडे माहेरचं नाव, उजवीकडे मी दिलेलं.

पहिल्या पानावर माझीच बायको. यमुना, राजलक्ष्मी. शेवटच्या आजारात मी "राजलक्ष्मी, राजलक्ष्मी" हाका मारत होतो, तिने डोळे उघडले नाहीत. तिची बहीण दारातून "यमे" म्हणाली आणि उघडले. औषधांचा अंमल तेवढ्यात उतरला असावा.

एकोणनव्वद सालच्या पानावर, वरून सहावी ओळ:

शामला (जगदाळे), सीमंतिनी.

ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. नाव सुचवायला तिचा भाऊ आला होता, एवढं आठवलं. त्याने ते कागदावर लिहून घेतलं होतं. मी चहा पाजला होता. मी गावभर जिला शोधत होतो, तिचं नाव मीच पुसलं होतं. आणि दिलं ते विसरलो.

खुर्ची. उभं राहून उत्तर देणं. "आजोबांना सांग, त्यांना कळेल."

नाही कळलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ऑटोने क्लासपर्यंत गेलो. खिडकीतून दिसलं. दोन वेण्या घातलेली एक मुलगी शिक्षिकेच्या खुर्चीत बसून पाय हलवत होती. फळ्यापाशी पांढरे केस आखूड कापलेल्या बाई उभ्या होत्या. उजव्या पायावर उभ्या होत्या; मग भार डाव्या पायावर घेतला.

ऑटोवाला म्हणाला, "उतरना है कि नहीं, दादाजी?"

परत आलो. तन्वीला यातलं काही सांगितलं नाही. फक्त एवढंच विचारलं, मॅम शिकल्या कुठे. "लग्नानंतर, आजोबा. पूरा बी.एससी., एम.एससी. घरून. त्यांचा मुलगा, अंशुल दादा, पहिलीत होता तेव्हा मॅमचे पेपर होते." तिला याचा किती अभिमान! मॅम स्वतःच वर्गात हसत हसत सांगतात म्हणे.

त्यांना कुणी ढकललं नाही. मागून कुणी जोर लावला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

झोपण्याआधी सगळं लिहून ठेवतो.

दिवे सुंदर दिसत होते. पाटावर बसवलं, पगडी घातली, पाच सुवासिनींनी ओवाळलं. हॉल भरलेला. त्रेसष्टपैकी एकवीस जण आले होते, सगळे आता आजोबा-आजी. मग लहान मुलं रांगेत उभी राहिली आणि 'विसावा' सुरू झाली. दुसऱ्या ओळीवर माझा हात आपोआप वर गेला. वर्गात चूक झाली की जायचा तसा. मुलं थांबली. मुकुंदराव धावत आले, "काय झालं? पाणी हवंय?" मी माइक मागितला.

म्हणालो, ही कविता चुकीची आहे. किरण दमत नाही आणि बसत नाही. हे मला नववीतल्या एका मुलीने एक्केचाळीस वर्षांपूर्वी भर वर्गात सांगितलं होतं. ती बरोबर होती. त्यासाठी मी तिला दोन तास बाकावर उभं केलं. आजचा हा मान घेताना मला शरम वाटते.

मग टाळ्या. कडाडून टाळ्या! एक बाई डोळे पुसत होत्या. मुकुंदराव माइकवर म्हणाले, "मंडळी, बघा हा मोठेपणा! या वयात, या उंचीवर केवढी ही विनम्रता!" पुन्हा टाळ्या. कुणी शिट्टीही मारली. माझ्या पापाचाही सत्कार झाला.

आणि दाखल्याबद्दल मी बोललोच नाही. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा बोलता आलं असतं. नावांबद्दलही नाही. जेवढ्याने मोठा दिसेन तेवढंच सांगितलं, असं आता वाटतंय.

जेवणात जिलबी होती. विनिताने पानात वाढली, माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता परत उचलून घेतली. आमच्या घरात तिला एकटीलाच कळलं असावं.

१ डिसेंबर, सोमवार

विनिता दुपारी चहा घेऊन आली आणि बसली. म्हणाली, "बाबा, काल आणखी काहीतरी राहिलं ना सांगायचं?" मी ही वही तिच्यापुढे केली. तिने अठरा तारखेचं पान वाचलं, सव्वीसचं वाचलं. वही मिटली. "हॉलला सांगून काय होणार? जिचं आहे तिला सांगा." आणि जाता जाता, "माझं नाव अजून माहेरचंच आहे, ते आईंमुळे. तुम्ही तीन नावं काढून ठेवली होती. आई म्हणाल्या होत्या, या मुलीला तिच्याच नावाने घरात येऊ द्या."

राजलक्ष्मी असं म्हणाली होती? मला कुणीच सांगितलं नाही. की मी ऐकलं नाही?

२ डिसेंबर, मंगळवार

पत्र लिहिलं. आधी चार पानी झालं, फार सुंदर झालं होतं. फाडलं. मग असं लिहिलं:

'तुमचा प्रश्न बरोबर होता. दाखल्यातलं वाक्य मी लिहिलं होतं आणि ते खोटं होतं. त्याने तुमचं भोपाळ गेलं. तुमचं नाव मी तुम्हाला न विचारता बदललं. उत्तराची अपेक्षा नाही. भालचंद्र.'

तन्वीने बंद पाकीट दप्तरात टाकलं. म्हणाली, "मॅमना लव्ह लेटर का, आजोबा?" मग माझा चेहरा पाहून, "सॉरी."

तिने रविवारचा माझ्या भाषणाचा व्हिडिओ मॅमना त्याच रात्री पाठवला होता म्हणे. "बघून झाला, ब्लू टिक आहे. रिप्लाय नाही."

३ डिसेंबर, बुधवार

आज क्लासहून आल्यावर तन्वीने सांगितलं, मॅमनी पाकीट सगळ्यांसमोर उघडलं नाही. तास संपल्यावर उघडलं. वाचून स्वतःच्या खुर्चीत बसल्या. "फर्स्ट टाइम, आजोबा. आम्ही सगळे उभे आणि त्या बसलेल्या. बराच वेळ."

मी उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिलं आहे. आता तसं वागायचं.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळचे साडेदहा. ऊन माझ्या टेबलावर आलं आहे. हात त्यात ठेवून बसलो आहे. गरम लागतंय. किरण संपताहेत, आणखी येताहेत. मुकुंदराव अकराला समारंभाचे फोटो घेऊन येणार आहेत. त्यांना सांगणार आहे, अल्बम नको.

बेल वाजली. आज लवकर आले वाटतं.

विनिताने दार उघडलं. मुकुंदरावांचा आवाज नाही हा. आतल्या खोलीतून तन्वी ओरडली, "मॅम? आप? इथे?"

दारातून आवाज येतो आहे, स्वच्छ, हजेरी देताना यावा तसा. "आत सांग, शामला जगदाळे आली आहे. नववी 'ब'. एक शंका विचारायची आहे."

मी उठलो आहे. उभ्यानेच लिहितो आहे. खुर्ची दाराकडे वळवून ठेवली आहे.